वाफेला लहान-मोठं कळत नाही

१७६३ सालच्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातल्या एका छोट्या खोलीत सत्तावीस वर्षांच्या एका कारागिराकडे एक मॉडेल दुरुस्तीला आलं. कारागिराचं नाव जेम्स वॉट. विद्यापीठातली वैज्ञानिक उपकरणं बनवणं आणि बिघडलेली नीट करणं हा त्याचा पोटाचा धंदा. मॉडेल होतं न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनाचं. खाणींमधलं पाणी उपसणारी ही अजस्र इंजिनं त्या काळी ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी चालत होती आणि प्राध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांची ही छोटी प्रतिकृती ठेवलेली होती. सिलिंडरचा व्यास २ इंच, दट्ट्याची धाव ६ इंच. वॉटने सगळे सांधे जुळवले, गळती बंद केली, विस्तव पेटवला. इंजिनाने चार-दोन फेरे मारले आणि ते थांबलं. पुन्हा वाफ साठू दिली, पुन्हा तेच. बॉयलर उकळत होता, पण वाफ पुरत नव्हती.

मॉडेल आहे, एवढंच चालायचं, असं म्हणून वॉटला ते परत देता आलं असतं. तो मोजायला बसला. एका फेऱ्याला वाफ किती लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती जाते, याचा हिशेब मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की बरीचशी वाफ दट्ट्या हलवण्यात खर्चच होत नाही. न्यूकमेनच्या इंजिनात दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारून वाफेचं पाणी करत. त्या फवाऱ्याने सिलिंडरची भिंतही गार पडायची आणि पुढच्या खेपेची वाफ आधी भिंत तापवण्यातच संपायची. मोठ्या इंजिनातही हे होत होतं. फक्त तिथे ते दिसत नव्हतं, कारण खाणीच्या तोंडाशी कोळसा मुबलक होता आणि त्याचा हिशेब कुणी इतक्या बारकाईने ठेवत नव्हतं. १७६५ साली वॉटला उपाय सुचला: वाफ थंड करायची ती सिलिंडरबाहेर, एका वेगळ्या भांड्यात. १७६९मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. औद्योगिक क्रांतीचा इतिहास या वेगळ्या भांड्याशिवाय लिहिता येत नाही. दुरुस्तीला आलेलं ते मॉडेल आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

घरच्या वर्कशॉपमध्ये वाफेचं इंजिन घडवायला बसलेल्या प्रत्येकाची गाठ वॉटच्या याच अडचणीशी पडते. वस्तू दहापट लहान केली की तिचं पृष्ठफळ शंभरपट कमी होतं, पण आकारमान हजारपट कमी होतं. म्हणजे आत मावणाऱ्या वाफेच्या मानाने तिला गार करणारी भिंत दहापट जास्त. चित्र लहान करता येतं, पुतळा लहान करता येतो. वाफ लहान करता येत नाही. म्हणूनच या छंदाला खेळण्यांचा छंद म्हणणं चुकीचं आहे. तळहातावर मावणारं इंजिन चाललं, तर ते मोठ्या इंजिनाचे सगळे नियम पाळून, आणि त्याहून कडक शिस्तीत, घडलेलं असतं.

वॉटच्याच कंपनीचा एक माणूस, विल्यम मर्डॉक, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या खाणींवर इंजिनं बसवायच्या कामावर होता. १७८४च्या सुमारास रेडरुथ गावी त्याने तीन चाकांची छोटी वाफेची गाडी केली. खाली स्पिरिटचा दिवा, वर इवलासा बॉयलर. ती गाडी त्याच्या घरातल्या खोलीत फिरली. एका रात्री बाहेर रस्त्यावर सोडली तेव्हा अंधारातून फुसफुसत येणारी ती ठिणगी पाहून गावचा पाद्री भेदरला, असं सांगतात. मालकांनी मर्डॉकला या नादातून बाहेर काढलं. त्याच भागातल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने पुढे आधी मॉडेल करून पाहिलं आणि १८०१मध्ये कॅम्बोर्नच्या चढावर माणसं बसवून वाफेची गाडी चालवली. रेल्वेच्या जन्माची कथा अशी घरातल्या मॉडेलांमधून जाते.

मॉडेल करणं हा सामान्य माणसाचा छंद झाला तो मात्र शंभर वर्षांनी. जानेवारी १८९८मध्ये लंडनला पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केलं आणि त्याच वर्षी मॉडेल करणाऱ्यांची तिथली संस्थाही उभी राहिली. वाचक होते कारकून, शिक्षक, डॉक्टर, रेल्वेतले फिटर. मागच्या अंगणातल्या लाकडी खोपटात पायाने चालवायचा लेथ आणि एक पोलादी शेगडा (व्हाइस), एवढ्यावर त्यांचं काम चाले. साधारण त्याच सुमारास हेन्ली-ऑन-थेम्सजवळ स्टुअर्ट टर्नर यांनी छोट्या इंजिनांचे ओतीव सुटे भाग विकायला सुरुवात केली. कच्चे ओतीव तुकडे आणि नकाशा घ्यायचा, बाकीचं घरी करायचं. स्टुअर्टचं ‘टेन-व्ही’ हे उभं इंजिन आजही जगभरातले नवशिके करतात: सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, धाव पाऊण इंच, फ्लायव्हील ३ इंचांचं.

अगदी पहिल्यांदा हात घालणाऱ्याने मात्र त्याहूनही सोपं इंजिन निवडावं, असं या छंदातले जाणते सांगतात. ते म्हणजे डुलत्या सिलिंडरचं इंजिन. यात झडप वेगळी नसतेच. एका उभ्या पट्टीवर सिलिंडर एका खिळीभोवती डुलत राहतो आणि मागची स्प्रिंग त्याला पट्टीशी घट्ट दाबून धरते. पट्टीला दोन बारीक भोकं: एकातून वाफ येते, दुसरीतून वापरलेली वाफ बाहेर जाते. सिलिंडरच्या सपाट अंगाला एकच भोक. क्रँक फिरला की सिलिंडर एका बाजूला कलतो, त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं आणि दट्ट्या ढकलला जातो. क्रँक अर्धा फेरा पुढे गेला की सिलिंडर दुसऱ्या बाजूला कलतो आणि तेच भोक बाहेरच्या वाटेला जुळतं. दोन्ही टोकांना, जिथे दट्ट्या क्षणभर थांबून दिशा बदलतो, तिथे भोक दोन वाटांच्या मधल्या कोऱ्या जागेवर असतं आणि सगळं बंद राहतं. तेवढ्यापुरतं इंजिनाला पुढे नेण्याचं काम फ्लायव्हीलचं.

ही रचना कागदावर दहा मिनिटांत कळते. करताना सगळा खेळ त्या तीन भोकांच्या जागेवर येतो. भोकं दीड-दोन मिलिमीटरची आणि त्यांची जागा अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी वाफेची वाट आणि बाहेरची वाट एकाच वेळी उघड्या राहतात. मग इंजिन फुसफुसतं, पण फिरत नाही. म्हणून अनुभवी माणूस ही भोकं पट्टीने मोजून पाडत नाही. क्रँकच्या त्रिज्येचीच एक छोटी पट्टी करून, सिलिंडर जितका डुलणार तितकाच तिने डुलवून, भोकाच्या जागा थेट धातूवर आखून घेतो.

आपल्याकडच्या जत्रांमध्ये मिळणारी पत्र्याची फटफट बोट ज्यांनी घमेल्यात सोडली असेल, त्यांनी वाफेचं याहूनही साधं यंत्र पाहिलं आहे. तीत क्रँक नाही, दट्ट्या नाही, फक्त मेणबत्ती, पत्र्याची चपटी डबी आणि पाण्यात उघडणाऱ्या नळ्या. तिचंसुद्धा पेटंट आहे, १८९१ सालचं ब्रिटिश पेटंट.

डुलतं इंजिन चाललं की दुसरी पायरी सरकत्या झडपेची. इथे सिलिंडर स्थिर असतो आणि वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. सिलिंडरच्या अंगावर तीन चिरा असतात आणि त्यांच्यावरून इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची एक पोकळ डबी पुढे-मागे सरकते. दट्ट्या आणि झडप यांच्यातला मेळ राखतं ते मुख्य दांड्यावर बसवलेलं एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्रापासून सरकवलेली चकती. एवढं कळलं की मोठ्या रेल्वे इंजिनाचं अर्धं पोट कळलं.

आता कामाच्या मेजाजवळ जाऊ. सगळ्यात जास्त वेळ आणि जीव खातो तो सिलिंडर. तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असेल तर पहिलं पथ्य लेथवरचा कुठलाही टर्नर सांगेल: पहिला काप भीत भीत घ्यायचा नाही. ओतलेल्या बिडाची वरची कातडी कडक असते आणि तिच्यात साच्याची वाळू रुतलेली असते. टूल तिच्यावरून नुसतं घासत गेलं की मिनिटभरात धार जाते. एकदम तिच्याखाली शिरायचं. मग आतलं मऊ बीड काळ्या भुकटीसारखं सुटायला लागतं. त्या काळेपणात ग्राफाइट असतं आणि पुढे दट्ट्या घसरताना तेच वंगणाचं काम करतं. म्हणूनच बिडाच्या सिलिंडरमध्ये बिडाचाच दट्ट्या चांगला चालतो.

आतलं भोक नुसत्या ड्रिलने कधीच गोल आणि सरळ होत नाही. ड्रिलनंतर बोअरिंग बार आत घालून एकेरी धारेने ते मोठं करत न्यावं लागतं. हा बार लांब आणि बारीक, त्यामुळे कापताना तो किंचित वाकतो आणि आतल्या टोकाला भोक निमुळतं होतं. त्यावर उपाय म्हणजे शेवटी मापाला हात न लावता तोच काप दोन-तीनदा पुन्हा फिरवायचा. पहिल्या फेरीत थोडी भुकटी येते, दुसरीत त्याहून कमी. तिसऱ्या फेरीत टूल नुसतं कुजबुजत गेलं की भोक एकसारखं झालं समजायचं. दट्ट्या नेहमी नंतर करायचा. झालेल्या भोकाच्या मापाला दट्ट्या घालता येतो. दट्ट्याच्या मापाचं भोक करायला गेलं की एक काप जास्त लागतो आणि दोन्ही वाया जातात.

दट्ट्या आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांमध्ये मोजतात: दोन किंवा तीन शतांश. सिगारेट वळायचा पातळ कागद साधारण तेवढ्याच जाडीचा असतो आणि जुने टर्नर टूल धातूला कधी टेकलं हे पाहायला तोच वापरत आले आहेत. कागद ओला करून जॉबवर चिकटवायचा, लेथ सुरू करून टूल हळूहळू जवळ आणायचं. कागद उडाला की टूल एवढ्यावर आलं. फट बरोबर जमली का, याची कसोटी मोजायच्या साधनाशिवायही होते. दट्ट्याला तेलाचा हात द्यायचा, सिलिंडरचं एक तोंड अंगठ्याने बंद करायचं आणि दट्ट्या ओढायचा. नीट बसलेला दट्ट्या सहज ओढला जात नाही, सोडला की मागे जातो आणि पूर्ण बाहेर काढला तर बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज करतो.

झडपेचं अंग सपाट करायला तर कसलंही यंत्र लागत नाही. जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवायचा, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, दोन थेंब तेल, आणि झडप इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवत राहायची. मग ८०० नंबर. मधूनमधून निळं मार्किंग लावून दोन्ही अंगं एकमेकांवर टेकवून पाहायची. निळा डाग फक्त कडांना उमटला तर पोटात खळगा आहे. मध्येच उमटला तर कडा उतरल्या आहेत. सगळीकडे सारखा उमटेपर्यंत काम संपलेलं नाही. घाई करणाऱ्याला इथे इंजिन स्वतःच सांगतं. पुढे वाफ सोडली की त्या न दिसणाऱ्या फटीतून निम्मी वाफ थेट बाहेर जाते.

बॉयलरकडे मात्र वेगळ्याच गांभीर्याने पाहायला हवं. ७५ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी घेतली आणि तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो दाब धरला, तर टोकाच्या सपाट चकतीला आतून सुमारे २४० किलो वजन ढकलत असतं. मुठीएवढ्या चकतीवर तीन धडधाकट माणसांचा भार. नळीची गोल भिंत हा दाब सहज पेलते. सपाट टोक बाहेर फुगायला पाहतं. म्हणून दोन्ही टोकांना आतून जोडणारे आडवे ताण, म्हणजे स्टे, घालावेच लागतात.

टोकाची चकती घडवायची पद्धत आपल्या तांबटांना सांगायला नको. कडक लाकडाच्या किंवा लोखंडाच्या साच्यावर तांब्याचा पत्रा ठेवून त्याची कड हातोडीने वाकवत न्यायची. ठोके बसत जातात तसं तांबं कडक होतं, हातोडीचा आवाज बदलतो, खणखणीत होतो. त्या आवाजावर थांबलं नाही तर कड फाटते. थांबायचं, तांबं मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पोलाद असं केलं तर कडक होतं. तांबं मऊ होतं. एका चकतीला असा ताव तीन-चार वेळा द्यावा लागतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंडे-बंब घडवणाऱ्या हातांमध्ये हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तांब्याच्या बॉयलरला लागणारं निम्मं कौशल्य तेच आहे.

सांधे जोडायचे ते चांदीच्या डागाने. साधं कथिलाचं डागकाम इथे चालत नाही. ते दोनशे अंशांच्या आसपास वितळतं आणि बॉयलरमधलं पाणी आटलं तर सांधाच सुटतो. चांदीच्या डागाला ६०० ते ७०० अंश सेल्सियस लागतात. तांबं आम्लाच्या सौम्य द्रावणात टाकून स्वच्छ करायचं आणि सांध्यावर टाकणखाराची पेस्ट माखायची, सोनार वापरतात तोच टाकणखार. मग मोठ्या गॅस टॉर्चने नुसता सांधा नाही तर सबंध बॉयलर तापवायचा, कारण तांबं उष्णता एका जागी ठेवतच नाही. टाकणखार आधी फसफसून पांढरा फुगतो, मग बसतो आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक होऊन वाहू लागतो. ती वेळ ओळखायची. त्या क्षणी चांदीची काडी सांध्याला टेकवली की धातू एका झटक्यात चमकत सबंध सांध्याभोवती धावतो. ज्वाला काडीवर धरायची नाही. तांब्याच्या अंगातल्या उष्णतेनेच ती वितळायला हवी. काडीत कॅडमियम नसावं, त्याचा धूर विषारी असतो, आणि काम मोकळ्या हवेत करावं. बॉयलरच्या भोकांमध्ये बसवायचे आटे असलेले तुकडे पितळेचे न करता गनमेटल किंवा ब्राँझचे करतात, कारण गरम पाणी वर्षानुवर्षं पितळेतलं जस्त शोषून नेतं आणि उरतो तो भुसभुशीत तांब्याचा सांगाडा.

बॉयलर तयार झाला की त्याची परीक्षा वाफेने नाही, पाण्याने घेतात. तो काठोकाठ थंड पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब चढवायचा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. सांधा फुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब शून्यावर येतो. हाच सांधा वाफेवर फुटला तर बॉयलरमधल्या तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि पाण्यापेक्षा वाफेला सोळाशेपट जागा लागते. ब्रिटनमधल्या मॉडेल क्लबांमध्ये नवा बॉयलर असा दुप्पट दाबावर आणि पुढच्या तपासण्यांना दीडपट दाबावर तपासतात. त्याच्या दाखल्याशिवाय क्लबच्या रुळावर इंजिन उतरवू देत नाहीत. आपल्याकडे २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे सरकारी निरीक्षक ते तपासायला येणार नाही. जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, ती पूर्णपणे करणाऱ्यावर येते. सेफ्टी व्हॉल्व्ह, दाबाचं घड्याळ आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच या तिन्हींशिवाय विस्तव पेटवू नये.

इंजिन पहिल्यांदा चालवायचं ते हवेवर. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. दाब अगदी कमी ठेवून फ्लायव्हीलला बोटाने धक्का द्यायचा. हवेवर सुरळीत फिरलेलं इंजिन वाफेवर मात्र सुरुवातीला अडून बसतं. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या पहिल्या वाफेचं पाणी होतं, ते पाणी दट्ट्यापुढे अडकतं आणि जोर केला तर दांडाच वाकतो. वॉटची अडचण ती हीच. म्हणून सिलिंडरच्या तळाशी निचऱ्याचे छोटे नळ असतात. ते उघडे ठेवून चाक हाताने फिरवत राहायचं. पाणी थुंकत, फुसकारत सिलिंडर तापतो, निचऱ्यातून कोरडी वाफ येऊ लागते, नळ बंद केले की चाक हातातून निसटून आपलं आपण फिरतं. पाऊण इंची सिलिंडरच्या, दोन्ही बाजूंनी वाफ घेणाऱ्या इंजिनाचा हिशेब मांडला तर मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर आणि सिलिंडरमध्ये सरासरी दोन बार दाब धरून जेमतेम वीस वॅट भरतात, आणि त्यातलं घर्षण वजा जायचं असतं. एक छोटा एलईडी दिवा पेटवण्याइतकी ही ताकद. पण ती पाणी, विस्तव आणि स्वतः कापलेल्या धातूतून आलेली असते.

लहान इंजिनाकडून खरंखुरं काम होऊ शकतं का, यावर १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये मोठं भांडण झालं. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे लिलियन लॉरेन्स तरुणपणी रेल्वेत काम केलेले गृहस्थ. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या त्या रेल्वे कंपनीच्या आद्याक्षरांवरूनच त्यांनी हे नाव घेतलं. अडीच इंच रुळांच्या अंतराचं, म्हणजे जेमतेम ६४ मिलिमीटरचं इंजिन कोळशावर चालून मोठ्या माणसाला ओढू शकतं, असा त्यांचा दावा होता. त्या काळच्या नामवंत मॉडेल कंपन्या एवढ्या लहान इंजिनाला कोळसा नको, स्पिरिटचे दिवेच बरे, या मताच्या होत्या. लॉरेन्स यांच्या ‘आयेशा’ या इंजिनाने माणसं ओढून दाखवली आणि वाद मिटला.

त्यांच्या यशामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या इंजिनाची प्रत्येक गोष्ट ते प्रमाणात लहान करत नसत. पाण्याच्या काचेची नळी प्रमाणात बारीक केली तर पृष्ठताणामुळे पाणी आत अडकतं आणि पातळी खोटी दिसते, म्हणून ती प्रमाणापेक्षा रुंद हवी. कोळशाचा खडा प्रमाणात लहान केला तर त्याची पूड होते आणि पुडीतून हवा जात नाही, म्हणून भट्टी आणि बॉयलरच्या नळ्या लहान विस्तवाला मानवतील अशा आखायच्या. डोळ्याला मॉडेल प्रमाणात दिसलं पाहिजे, पण विस्तव, पाणी आणि वाफ जिथे आहेत तिथे प्रमाण त्यांनी ठरवायचं. लॉरेन्स यांनी १९२४पासून पुढे चार दशकं ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये इंजिनांचे नकाशे आणि कृती लिहिल्या, त्याही फिटरच्या बोलीत. ‘टिच’ हे त्यांचं छोटं शंटिंग इंजिन अजूनही नवशिक्यांचं पहिलं रेल्वे इंजिन ठरतं.

सौंदर्याच्या बाजूला चेरी हिल यांचं नाव सगळ्यात वर घ्यावं लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या विस्मरणात गेलेल्या वाफेच्या रस्त्यावरच्या गाड्या शोधून काढायच्या, जुन्या पेटंटांवरून आणि चित्रांवरून त्यांचे नकाशे स्वतः काढायचे आणि सोळा इंचांना एक इंच अशा प्रमाणात त्या घडवायच्या, असं त्यांचं काम. नट-बोल्टापासून साखळीच्या कडीपर्यंत प्रत्येक भाग त्यांनी घरच्या वर्कशॉपमध्ये केला आणि एकेका मॉडेलला हजारो तास दिले. ड्यूक ऑफ एडिंबरा करंडक त्यांनी अनेकदा जिंकला.

मुंबईलाही या इतिहासात मानाची जागा आहे. माझगावात राहणाऱ्या, जहाजबांधणीत नावाजलेल्या वाडिया घराण्यातल्या अर्देसर कर्सेटजी यांनी पंचविशीत असताना, १८३३च्या सुमारास, एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं आणि विहिरीचं पाणी उपसून कारंजं उडवायला ते जोडलं. बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटायला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता. पुढे १८४१मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले.

आज महाराष्ट्रात हे काम करायला कशाचीच वाण नाही. मुंबईतल्या नागदेवीत टॅप, डाय, ड्रिल, रीमर सगळं मिळतं. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळेच्या दांड्या आणि वापरलेली मापनसाधनं किलोवर हाती लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडाचा पॅटर्न नेऊन दिला तर ओतारी बिडाचा सिलिंडर ओतून देतो. फक्त पॅटर्न करताना फुटाला एक सूत जास्त धरायचं, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं. छोटा लेथ टेबलावर मावतो आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांना जवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रविवारी जागा मिळू शकते.

खरी वाण आहे ती पूर्ण वस्तू करण्याच्या सवयीची. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांमध्ये हजारो मुलं लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासून गुण्यात आणतात, दोन तुकडे एकमेकांत बसवतात, मार्क मिळवतात आणि तो जॉब भंगारात जातो. त्याच कानशीचा, त्याच लेथचा आणि तेवढ्याच तासांचा उपयोग करून एक डुलत्या सिलिंडरचं इंजिन होतं. त्यात टर्निंग आहे, ड्रिलिंग आहे, आटे पाडणं आहे, सपाट अंग जुळवणं आहे, आणि शेवटी परीक्षकाच्या सहीआधी हवेचा नळ उघडून निकाल लागतो: फिरलं किंवा नाही फिरलं. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलामागे एक असं इंजिन असावं. बॉयलर नको, छोटा कॉम्प्रेसर पुरतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी आणि त्याआधी, परवानगीची वाट न पाहता, एखाद्या उत्साही निदेशकाने एका तुकडीपुरतं तरी हे करून पाहावं.